कपड्यांनी पुरुष, कागदावर स्त्री

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नालसा’ खटल्यात दिलेल्या निकालाला आता दशकाहून अधिक काळ लोटला आहे. न्या. के. एस. राधाकृष्णन व न्या. ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने त्या निकालात एक मूलगामी तत्त्व मांडले होते. माणसाची लिंगओळख ही त्याच्या व्यक्तिमत्त्वाचे अविभाज्य अंग आहे आणि ती पोशाखातून, बोलण्यातून व वागण्यातून व्यक्त करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्या कलमातील वाजवी निर्बंध वगळता कोणी कोणता पोशाख करावा हे सांगण्याचा अधिकार सरकारला नाही, असा याचा सरळ अर्थ. तथापि, तृतीयपंथी हा शब्द उच्चारताच आपल्या समाजाच्या डोळ्यांपुढे साडी नेसलेली, टाळी वाजवणारी एकच मूर्ती उभी राहते आणि तो निकाल तिच्यापुरताच आहे, असा समज रूढ झाला. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या, परंतु स्वतःला पुरुष मानणाऱ्या व पुरुष म्हणून जगू पाहणाऱ्या पारलिंगी पुरुषांना या चित्रात कोठेच जागा मिळाली नाही.

हे अदृश्य राहणे अकारण नाही. हिजडा समाजाला, त्याच्या वाट्याला आलेली सारी अवहेलना जमेस धरूनही, घराणी आहेत, गुरू-चेल्यांची परंपरा आहे, घरातून हाकलल्यावर डोके टेकण्याचे एक ठिकाण आहे. पारलिंगी पुरुषासाठी अशी कोणतीही संस्था आपल्या परंपरेत निर्माण झाली नाही. तो मुलगी म्हणून वाढतो, आईवडिलांच्या व भावांच्या नजरेखाली राहतो, आणि वयात आला की त्याच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ व महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. परंतु रकाना एकच असल्याने त्यांत पारलिंगी पुरुष किती, हे त्या आकड्यांवरून उमगत नाही. अशा माणसाला इस्पितळ दूर असते, न्यायालय त्याहून दूर असते. कोणाच्या सहीवाचून, थोड्या पैशांत आणि आजच्या आज त्याला जे करता येते ते एकच, पुरुषाचा पोशाख करणे. म्हणून त्याच्या कपड्यांचा प्रश्न हा हौसेचा किंवा फॅशनचा प्रश्न नव्हे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. आज मुली सर्रास शर्ट-पँट घालतात, त्यांना कोणी अडवीत नाही. मग या मंडळींची तक्रार ती काय? स्त्रियांना हे स्वातंत्र्य सहज मिळालेले नाही, हे खरे. १८०० साली पॅरिसमध्ये पुरुषी पोशाख करू इच्छिणाऱ्या स्त्रीवर पोलिसांची परवानगी घेण्याची सक्ती करणारा हुकूम निघाला. पुढे हाती सायकल किंवा घोड्याचा लगाम असल्यास त्यातून सूट मिळाली, आणि तो हुकूम आता गैरलागू असल्याचे फ्रेंच सरकारने जाहीर केले ते २०१३ साली. सॅन फ्रान्सिस्को शहराने ‘आपल्या लिंगाचा नसलेला’ वेष करून रस्त्यावर येण्यास १८६३ मध्ये केलेली बंदी १९७४ पर्यंत टिकली. परंतु या लढ्याच्या यशातूनच पारलिंगी पुरुषाची एक निराळी अडचण उद्भवली आहे. पँट हा पुरुषाचाच वेष होता तेव्हा ती घालणाऱ्याकडे पाहणारा त्याला पुरुष समजून पुढे जात असे. आज पुण्यामुंबईच्या रस्त्यावर जीन्स घातलेली मुलगी ही मुलगीच दिसते. कपड्याचा प्रकार आता काही सांगत नाही. त्यामुळे सारा भार कपड्याच्या बेतावर, मापावर आणि शरीराच्या ठेवणीवर येऊन पडतो.

तो भार किती बारीक तपशिलांचा असतो, याची इतरांना कल्पना येणार नाही. शर्ट असा हवा की त्याची शिवण बरोबर खांद्याच्या टोकावर यावी. ती दंडावर उतरली की आत लहान चणीचे शरीर आहे हे उघड होते. कापड थोडे जाड, रंग गडद, रेघा उभ्या, छातीवर खिसा, आत बनियन, आणि बटणे उजव्या बाजूस. कारण बायकांच्या शर्टाची बटणे डाव्या बाजूस असतात आणि सवयीच्या नजरेला तेवढे पुरते. पँट सरळ शिवणीची आणि नितंबांवर न ताणणारी हवी. पुरुषांचे बूट ज्या मापापासून सुरू होतात त्याहून पाय लहान असेल, तर शाळकरी मुलांच्या दुकानात जावे लागते. कान टोचलेले असले तर फारसे बिघडत नाही, भिकबाळीची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात तर नाहीच. नाकाची खूण मात्र सहजी लपत नाही. शिंप्याकडे जावे तर छातीवरून टेप फिरणार. म्हणून मापाला जुना शर्ट द्यायचा, आणि तोही नसेल तर तयार कपड्यांवर भागवायचे. एखाद्या नोकरदार माणसाला सकाळी पाच मिनिटे पुरतात. येथे घराबाहेर पडण्याआधी प्रत्येक दिवशी एक परीक्षा द्यावी लागते.

या परीक्षेचा सर्वांत कठीण भाग म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून ती बांधणे. त्यासाठी बाइंडर नावाचे खास घट्ट आतले वस्त्र मिळते. परंतु ज्याला ते परवडत नाही किंवा घरी मागवता येत नाही, तो औषधांच्या दुकानातील क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी गुंडाळतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधकांच्या एका पाहणीत अशा १,८०० प्रौढांना प्रश्न विचारले गेले. त्यांपैकी ९७ टक्क्यांहून अधिक जणांनी पाठदुखी, धाप, कातडीचे विकार अशांपैकी निदान एक त्रास सांगितला. त्याच वेळी, छाती बांधल्याने मनाला स्वस्थता येते, असेही त्यांनी नोंदवले. आठ तासांपेक्षा अधिक वेळ बांधू नये, झोपताना व व्यायाम करताना काढावे, बँडेज वा चिकटपट्टी वापरू नये, मधूनमधून एखादा दिवस मोकळा ठेवावा, एवढा साधा सल्ला अपाय कमी करू शकतो. विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात बनियन, बाइंडर आणि जाड शर्ट घालून वावरणाऱ्या तरुणाला तर त्याची विशेष गरज. परंतु हा सल्ला देणार कोण? डॉक्टरांपाशी विषय काढायचा तर प्रथम आपण कोण हे सांगावे लागते, आणि नेमके तेच सांगण्याची भीती असते.

हे सारे पश्चिमेकडून आलेले नवे खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी इतिहासाकडेही पाहावे. ब्रिटिश लष्करातील नामांकित शल्यवैद्य जेम्स बॅरी यांनी आयुष्यभर पुरुष म्हणून सेवा केली. शरीर स्त्रीचे असल्याचा बोभाटा झाला तो १८६५ साली त्यांच्या मृत्यूनंतर. जाझ वादक बिली टिप्टन यांनी अपघातात दुखावलेल्या बरगड्यांचे कारण सांगून छाती बांधली आणि १९८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते पुरुष म्हणून जगले. या दोघांनी स्वतःला आजच्या भाषेत काय म्हटले असते, हे ठरवण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु अशी आयुष्ये पूर्वीही होती, एवढे निश्चित. हिंदुस्थानात इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये स्त्रीचा वेष वा अलंकार घालून रस्त्यावर येणाऱ्या हिजड्यांना दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. त्या कलमात पुरुषाचा वेष केलेल्या स्त्रीशरीराचा उल्लेखही नाही; कायद्याच्या लेखी असे कोणी अस्तित्वातच नव्हते. इकडे महाराष्ट्राने बालगंधर्वांच्या शालूवर जीव ओवाळून टाकला, घरंदाज स्त्रियांनी त्यांच्यासारखी साडी नेसण्याचा प्रयत्न केला. वेष माणसाला काय करतो, हे मराठी माणसाला शिकवण्याची गरज नाही. फरक एवढाच की, रंगभूमीवरच्या वेषाला तो टाळ्या देतो आणि रस्त्यावरच्या वेषाचा खुलासा मागतो.

खरा पेच याच्या पुढे आहे. पोशाख जितका साधतो तितका कागद खोटा ठरतो. शर्ट-पँटमधील तरुण बायकांच्या डब्यात चढला तर त्याला उतरवले जाते, आणि पुरुषांच्या डब्याच्या गर्दीत धक्का लागून भेद उघड होण्याची धास्ती असते. मेट्रोच्या किंवा विमानतळाच्या तपासणीत कोणत्या रांगेत उभे राहावे, परीक्षा केंद्रावर ओळखपत्रावरील वेणीतले छायाचित्र कसे समजावून सांगावे, बँकेत स्त्रीचे नाव पुकारल्यावर उठावे की बसून राहावे, हे त्याचे नित्याचे प्रश्न. २०१९ च्या कायद्याने स्वतःला जाणवणारी लिंगओळख धारण करण्याचा हक्क लिहून दिला खरा, परंतु कागदावर ‘पुरुष’ अशी नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेनंतर वैद्यकीय अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राची अट घातली. लिंगओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे अनैतिक व बेकायदा आहे, असे २०१४ साली न्यायालयाने सांगितल्यानंतरचा हा प्रकार! मराठवाड्यातील एका महिला शिपायाने २०१७ साली लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, तेव्हा स्त्री व पुरुष शिपायांच्या भरतीचे निकष वेगळे असल्याचे कारण पुढे आले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर २०१८ मध्ये मुंबईच्या सरकारी इस्पितळात शस्त्रक्रिया होऊन तो पुरुष शिपाई म्हणून कामावर परतला. शासनाने मनावर घेतले की गणवेषाचा प्रश्न सुटतो, हे त्यातून दिसले. परंतु प्रत्येकाने त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी, अशी अपेक्षा करणे म्हणजे हक्क नाकारण्यासारखेच आहे.

पुरुष म्हणून वावरणे ही लोकांची फसवणूक नव्हे काय, असाही प्रश्न केला जातो. फसवणुकीत दुसऱ्याचे काही लुबाडण्याचा हेतू असतो. येथे माणूस स्वतःविषयी जे खरे मानतो तेच अंगावर घालतो आणि त्याबदल्यात कोणाकडून काही घेत नाही. उलट ओळख उघड झाल्यास मारहाणीचा, नोकरी जाण्याचा आणि बळजबरीच्या लग्नाचा धोका तोच पत्करतो. दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. मर्दानीपणाच्या जुन्या साच्यात स्वतःला इतके काटेकोर बसवण्याचा अट्टहास कशाला, असे काही स्त्रीवादी विचारवंत म्हणतात. साचा सैल व्हावा हे योग्यच. परंतु तो सैल करण्याची पहिली जबाबदारी, ज्याला साच्याबाहेर दिसताच मार बसतो त्याच्यावर टाकणे न्याय्य नाही. सडपातळ, बुटक्या, दाढी न फुटलेल्या कितीतरी पुरुषांकडे कोणी पुरावा मागत नाही. तेवढी मोकळीक पारलिंगी पुरुषालाही मिळाली तर त्याचा साच्याचा आग्रह आपोआप ओसरेल.

यासाठी करावयाच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. केरळमध्ये कोळिक्कोड जिल्ह्यातील बालुश्शेरी येथील सरकारी शाळेने २०२१ साली मुलींनाही शर्ट-पँटचा गणवेष दिला. महाराष्ट्रातील शाळांना मुलींच्या सलवार-कमीजच्या गणवेषाला असा पर्याय ठेवता येईल. त्याच वर्षी पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी एनसीईआरटीने तयार केलेली पुस्तिका आक्षेप येताच मागे घेण्यात आली. ती चूक सुधारता येईल. तपासणीच्या जागी कोणाकडून झडती घ्यावी याची निवड त्या व्यक्तीला देता येईल, आणि जिल्हा इस्पितळांत छाती बांधण्यासंबंधीचा सल्ला नाव न विचारता देता येईल. नाव व लिंगनोंद बदलण्याची पद्धत शस्त्रक्रियेपासून सोडवणे हे सर्वांत आवश्यक आणि सर्वांत कठीण काम आहे. ते होईपर्यंत न्यायालयाने दिलेला हक्क पारलिंगी पुरुषापुरता एका शर्टावर लटकत राहील, आणि तो शर्ट त्याला रोज सकाळी श्वास आवरून घालावा लागेल.