घोडीच्या कुळाचा हिशेब

शर्यतीच्या घोड्याची थोरवी सांगताना बहुधा बापाचे नाव आधी घेतात. ब्रूस लो या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने मात्र मातृकुळे धुंडाळली. ब्रिटिश वंशनोंदींत आईकडून आईकडे मागे जात त्याने ४३ कुळे निश्चित केली आणि डर्बी, ओक्स व सेंट लेजर या शर्यतींतील विजेते मोजून त्यांना क्रमांक दिले. त्याचा ग्रंथ १८९५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला.

पण या गणतीत एक उणीव होती. ज्या कुळात घोड्याच अधिक, तेथे विजेतेही अधिक निपजणारच! शंभर शिंगरांत दहा विजेते आणि वीस शिंगरांत दोन. यांत श्रेष्ठ कुळ कोणते? दोन्ही सारखीच.

म्हणून वाचकहो, यशाचा आकडा कानी पडताच ‘कितींपैकी?’ हे आधी विचारावे.