नगाचा भाव आणि भांड्याचं आयुष्य

धनत्रयोदशीला भांडं घ्यायची रीत जुनी, त्या निमित्तानं दुकानात झळकणाऱ्या पाट्या मात्र नव्या: ‘सहा सुऱ्यांचा संच’, ‘51 नगांचा डिनर सेट, निम्म्या किमतीत’. बेताच्या पैशांत घर चालवणारा माणूस अशा पाटीपाशी थांबतो, कारण एका नगाला पडणारा भाव खरोखरच कमी असतो. पण भांड्याचा हिशेब नगावर करून भागत नाही. ते किती वर्षं टिकेल, किती वेळा हातात येईल आणि शेवटी त्याचे किती पैसे परत येतील, हे धरलं की यातले बरेचसे संच महागात पडतात.

आधी सुऱ्या घ्या. पालेभाजी आणि नारळ विळीवर होत असतील, तर उभ्यानं चिरायला मध्यम आकाराची एक सुरी आणि सोलायला एक लहान, एवढ्यात रोजचं काम उरकतं. संचातल्या बाकीच्या सुऱ्या ठोकळ्यात खोचलेल्याच राहतात. त्याच पैशांत एक चांगली सुरी येते. घेताना मूठ बाजूनं पाहावी: पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं आणि रिव्हेटांनी पक्कं बसवलेलं असावं, मध्ये फट नसावी. धार मात्र महागड्या सुरीचीही जाते. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा काचेवर चिरलं तर लवकर जाते, लाकडी फळीवर टिकते. बोथट झालेली सुरी टाकून नवी आणण्यापेक्षा धारवाल्याला चार पैसे देणं केव्हाही स्वस्त.

ताटवाट्यांचा हिशेब तर आपल्याकडे आधीपासून चोख होता. तांब्या-पितळेची भांडी वजनावर घ्यायची, जुनी मोडीत घालायची आणि वरची घडणावळ तेवढी द्यायची. काच, चिनीमाती आणि मेलामाइन यांना मोडच नाही. शिवाय चार बश्या फुटल्या की त्याच नक्षीच्या पुन्हा मिळत नाहीत आणि उरलेला संच पाहुण्यांसमोर मांडवत नाही. साधं स्टीलचं ताट सुटं मिळतं, केव्हाही जोडीला दुसरं आणता येतं. फक्त पत्रा पाहून घ्यावा: गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड. चुंबक चिकटलं नाही म्हणजे माल उत्तम, हा समज मात्र अपुरा आहे. 304 प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 200 मालिकेतल्या स्वस्त स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, पण चुंबक सहसा त्यालाही चिकटत नाही. म्हणून प्रत कोणती ते विचारावं, बिलावर लिहून घ्यावं आणि आयएसआय चिन्ह पाहावं. स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना ते बंधनकारक करणारा आदेश केंद्रानं 2024 मध्ये काढला आहे.

यावर कुणी म्हणेल, जाड भांड्याला एकरकमी पैसे आणायचे कुठून? अडचण खरी आहे; पण सुटे नग घेण्याची सोय नेमकी तिथेच कामी येते. या सणाला दोन ताटं, पुढच्या सणाला दोन. संचाचे पैसे मात्र एकदमच मोजावे लागतात. दुसरा आक्षेप हौसेचा. रंगीत बशीत वाढलेलं छान दिसतं, हे नाकारायचं कारण नाही. हौस जरूर करावी, पण तिला बचत म्हणू नये. आणि करायचीच तर घरातल्या माणसांपुरत्या बश्या पुरतात, त्यासाठी 51 नग लागत नाहीत.

भांड्यावर नाव आणि तारीख कोरून घ्यायची पद्धत आपल्याकडे होती. ते भांडं पुढच्या पिढीच्या हाती जाणार, हे घेणाऱ्यानं गृहीत धरलेलं असे. दुकानात हात पुढे करण्याआधी तीच कसोटी लावा. ज्या भांड्यावर नाव कोरावंसं वाटत नाही, ते निम्म्या किमतीतही घेऊ नका.