जुना रंग उतरविताना

दिवाळी किंवा घरातील लग्नकार्य जवळ आले म्हणजे इंदूर-देवास-ग्वाल्हेरकडील आपल्या जुन्या वाड्यांतून रंगाऱ्यांची ये-जा सुरू होते. दारे, खांब, तुळया यांचे मूळचे सागवान ऑइलपेंटच्या चार-पाच थरांखाली दडलेले असते. तो रंग उतरवून लाकडाचा मूळ वर्ण पुन्हा पाहावा, असे अलीकडे पुष्कळांना वाटू लागले आहे. इच्छा रास्त आहे. तिचा मार्ग मात्र विचारपूर्वक निवडला पाहिजे.

रंग झटपट सोडविणाऱ्या तीव्र द्रावणांचा मुख्य घटक डायक्लोरोमीथेन हा होय. ते लावताच काही मिनिटांत रंगाला फोड येऊन तो सुटतो. परंतु त्याची वाफ हवेहून जड असते. बंद खोलीत ती खाली साचते आणि श्वासावाटे शरीरात गेल्यावर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. अमेरिकेत स्नानाच्या टबांचा जुना लेप काढताना २००० ते २०११ या काळात किमान १३ कामगार दगावल्याची नोंद आहे. युरोपीय संघाने २०११ अखेर अशा द्रावणांची सामान्य ग्राहकांना होणारी विक्री थांबविली. अमेरिकेने तेच २०१९ मध्ये केले आणि २०२४ मध्ये बहुतेक व्यवसायांनाही बंदीच्या कक्षेत आणले.

असे द्रावण मिळेनासे झाले तर हळहळण्याचे कारण नाही. भीती आहे ती निराळीच. द्रावण नाही म्हणून माणूस बत्तीची ज्योत किंवा घासण्याचे यंत्र हाती घेतो, आणि येथेच घात होतो. जुन्या रंगात शिसे असते. रंगारी ज्याला सफेदा म्हणत, तो शिशाचाच क्षार. लोखंडी गजांना ज्याचा पहिला हात देत, तो शेंदूरही शिशाचाच. घरगुती रंगांत दर दहा लाख भागांत शिशाचे ९० हून अधिक भाग नसावेत, हा आपल्याकडील नियम नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगात, तपासणी करून घेतली नसेल तर, शिसे आहे असेच धरून चालावे. ज्योतीने त्याचा विषारी धूर होतो. कोरड्या घासण्याने त्याची बारीक धूळ घरभर पसरते. रांगणारे मूल ती हातावाटे तोंडात घेते. शिशामुळे मुलांच्या बुद्धीच्या वाढीला पोहोचणारी हानी पुढे भरून निघत नाही, आणि शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे.

म्हणून पहिला प्रश्न असा, की रंग काढलाच पाहिजे काय? थर घट्ट बसलेला असेल, तर त्यावर नवा हात देणे हेच सर्वांत सुरक्षित. पापुद्रे सुटत असतील, तर ते पाण्याने भिजवून लोखंडी पट्टीने हलकेच खरवडावेत. घासणेही वॉटर पेपरने, ओलेच असावे. बेन्झिल अल्कोहोलयुक्त सौम्य द्रावणे मिळतात. ती कोपऱ्यात लावून आधी परीक्षा करावी. ती कित्येक तास, क्वचित रात्रभरही घेतात. तोवर वर प्लास्टिकचा कागद झाकून ठेवावा. कॉस्टिक सोडा स्वस्त खरा, परंतु तो डोळे व कातडी भाजतो आणि सागवानही काळवंडवितो.

काम चालू असता मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्या भागात येऊ देऊ नये. खरवड झाडूने न झाडता ओल्या फडक्याने टिपावी. ती पिशवीत बांधून ठेवावी. परसातील मातीत किंवा गटारात टाकू नये. रंगाऱ्याच्या तोंडावर नुसता रुमाल पुरत नाही. बारीक धूळ अडविणारी मुखपट्टी त्याला घरमालकानेच आणून द्यावी, आणि कामाचे कपडे तेथेच बदलून निराळे धुण्याची सोय करावी. नाहीतर आपल्या वाड्यातील विष तो नकळत स्वतःच्या मुलांपर्यंत नेईल.

अशा रीतीने एका दाराला आठवडा लागला तरी लागू द्यावा. मुहूर्त गाठायचा असेल, तर काम महिनाभर आधी काढावे. आणि तेवढा अवधी नसेल, तर सागवान पुढील वर्षापर्यंत रंगाखालीच राहू द्यावे. त्याचे त्यात काहीच बिघडत नाही.