वीस मिनिटं पाणी बंद!

होस्टेल कमिटीच्या मीटिंगमध्ये मी एक साधी सूचना मांडली होती. वर्षातून एकदा होस्टेलच्या सगळ्या पाण्याच्या लाईन 'उलटं पाणी' येतं का यासाठी तपासून घ्याव्यात. उलटं पाणी म्हणजे काय, हे एकानेही विचारलं नाही. पहिला प्रश्न आला तो हा, "पाणी किती वेळ बंद राहणार?" दुसरा आला, "आंघोळीच्या वेळेत नाही ना?" आणि तिसरा थेट निर्णयच होता, "परीक्षा झाल्यावर बघू." परीक्षा झाल्या, सुट्टी लागली, सगळे घरी गेले. विषय संपला.

म्हणून आता हे लिहून काढतोय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. एका ठिकाणची तपासणी साधारण पंधरा ते तीस मिनिटांची. बास्स! एखाद्या क्रिकेट मॅचच्या लंच ब्रेकपेक्षाही कमी.

पण मित्रांनो, तपासायचं काय असतं ते आधी बघू. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी एक प्रयोग करून बघावा. टाकीतलं पाणी संपत आलं की नळ उघडा. पाणी येत नाही, नुसता सुस्स्स आवाज येतो. आता नळाच्या तोंडाला तळहात लावा. नळ हात आत ओढतो! कारण त्याच वेळी तळमजल्यावर कोणीतरी नळ पूर्ण सोडलेला असतो, पाइपातला पाण्याचा खांब खाली उतरत असतो आणि वर निर्वात तयार होत असतो. सेकंड इयरच्या फ्लुईड मेकॅनिक्समध्ये आपण हे सगळं शिकतो, दहा मार्कांना लिहितो, आणि बाथरूममध्ये विसरतो.

आता त्या नळाला रबरी पाइप लावलेला आहे आणि त्याचं दुसरं टोक कपडे भिजवलेल्या बादलीत बुडालेलं आहे अशी कल्पना करा. (कल्पना कशाला, सकाळी आठ वाजता कुठल्याही मजल्यावर जाऊन बघा.) नळ हात ओढतो तसा बादलीतलं पाणीही ओढतो. साबणाचं, मळाचं ते पाणी लाईनमध्ये जातं. पंधरा मिनिटांनी टाकी भरली की तेच पाणी खाली कुणाच्या तरी तांब्यात येतं. संडासातला जेट स्प्रे बादलीत टाकून ठेवला असेल तर काय होतं, ते मी लिहीत नाही. जेवणाच्या वेळी कोणी अंक वाचत असेल.

ही झाली ओढ. दुसरा प्रकार धक्क्याचा. बोअरवेलचा पंप, बॉयलर किंवा फायरची लाईन पिण्याच्या लाईनला जोडलेली असली आणि त्या बाजूचं प्रेशर वाढलं, की तिकडचं पाणी इकडे ढकललं जातं. बऱ्याच ठिकाणी बोअरचं आणि नगरपालिकेचं पाणी यांच्यामध्ये फक्त एक व्हॉल्व्ह असतो, आणि तो 'बंदच असतो' असं सगळे खात्रीने सांगतात.

कोणी म्हणेल, हे सगळं पुस्तकी आहे. तर दोन गोष्टी सांगतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर गावी होली क्रॉस नावाचं कॉलेज आहे. १९६९ साली त्या कॉलेजच्या फुटबॉल टीमला कावीळ झाली. एकदोघांना नाही, जवळजवळ अख्ख्या टीमला. सुमारे नव्वद जणांना लागण झाली आणि दोन मॅचनंतर संपूर्ण सीझन रद्द करावा लागला. कारण काय सापडलं? गावात आग लागली होती, बंबांनी हायड्रंटमधून जोरात पाणी खेचलं, लाईनचं प्रेशर पडलं, आणि मैदानावर पाणी मारायच्या लाईनच्या खड्ड्यांत साचलेलं घाण पाणी पिण्याच्या लाईनमध्ये ओढलं गेलं. जवळच्या एका घरात कावीळ होती आणि तिथली मुलं त्या खड्ड्यांजवळ खेळत असत. सराव झाल्यावर टीम त्याच लाईनवरच्या नळाला पाणी प्यायली. कोणाचीही चूक म्हणावी अशी नाही. फक्त त्या जागी उलटं पाणी अडवणारं काही नव्हतं.

दुसरी गोष्ट जवळची. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगड नाल्याचं सांडपाणी उलटं फिरून वजिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत पोहोचलं. इथे पाइप नव्हता, नदीच होती, पण गोष्ट तीच. जे पाणी पुढे जायला हवं ते मागे आलं. त्या वेळी क्लोरीनचा डोस वाढवला होता. त्यामुळे टायफॉईड वाढला नाही, कावीळ मात्र झालीच. जीवाणू मेले, विषाणू गेले नाहीत. तेव्हा "टाकीत क्लोरीन टाकलंय, काही होत नाही" हे वाक्य यापुढे जरा जपून वापरावं.

आता तपासणीचं. पाश्चात्त्य देशांत जिथे धोका जास्त तिथे एक खास जोडणी बसवतात. तिच्यात एकामागे एक असे दोन चेक व्हॉल्व्ह, मधे एक रिलीफ व्हॉल्व्ह, दोन्ही टोकांना बंद करायच्या चाव्या आणि तपासणीसाठी चार छोट्या तोट्या असतात. पुढचे दोन्ही व्हॉल्व्ह फसले तरी घाण पाणी रिलीफमधून बाहेर जमिनीवर सांडतं, आत जात नाही. अनेक ठिकाणी ही जोडणी दर वर्षी प्रमाणपत्र असलेल्या माणसाकडून तपासून घेणं सक्तीचं आहे.

तो माणूस येतो, पुढची चावी बंद करतो, तोट्यांना होज लावून दाबातला फरक मोजणारा गेज जोडतो. यात पाचेक मिनिटं. मग पहिला चेक व्हॉल्व्ह किमान ५ पीएसआय फरक धरतो का ते बघतो. म्हणजे आपल्या भाषेत साधारण साडेतीन मीटर पाण्याची उंची. फरक हळूहळू कमी करत नेला तर तो २ पीएसआयच्या खाली जायच्या आत रिलीफमधून थेंब पडायला लागले पाहिजेत. दुसरा चेक व्हॉल्व्ह मागून आलेला दाब अडवतो का, तेही बघतो. यात दहा मिनिटं. आकडे फॉर्मवर लिहितो, चावी उघडतो, जातो. एकूण वीस मिनिटं. जोडणी मोठ्या पाइपवर असेल, खड्ड्यात असेल किंवा चाव्या गंजल्या असतील तर पाऊण तास, तास. नापास झाली तर उघडून साफ करणं, रबर बदलणं आणि पुन्हा तपासणं यात आणखी तास-दोन तास जातात. पाणी बंद राहतं ते एवढाच वेळ.

ही तपासणीची पद्धत कोणी बसवली? इतर संस्थांबरोबर एका विद्यापीठानेही. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात १९४४ पासून फक्त या विषयावर काम करणारं केंद्र आहे. म्हणजे हा विषय 'प्लंबरचा' आहे, आपला इंजिनिअरांचा नाही, असं म्हणायची सोय नाही.

आपल्याकडे काय असतं? साधा एनआरव्ही. प्लंबर मामांना विचारलं तर ते सांगतात, "आहे ना एनआरव्ही, पाणी उलटं येतच नाही." मामांचा अनुभव माझ्या वयापेक्षा जास्त आहे, त्यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण अडचण अशी की त्या एनआरव्हीला तपासायची तोटीच नाही. सीटवर वाळूचा एक कण बसला तरी तो गळतो, आणि गळतो हे बाहेरून कळायचा काही मार्ग नाही. जी गोष्ट तपासता येत नाही तिच्यावर आपण विश्वास नाही, आशा ठेवत असतो. वायवाला "सर, येतं मला, पण विचारू नका" असं म्हणण्यासारखंच हे.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही खरे आहेत. पहिला, अशी जोडणी महाग असते आणि होस्टेलला परवडणार नाही. मान्य. पण आपल्याला बऱ्याच ठिकाणी ती लागतच नाही. सगळ्यात चांगला उपाय फुकट आहे, मधे हवा सोडणं. पाइपचं तोंड टाकीच्या काठाच्या वर ठेवायचं, पाइपच्या व्यासाच्या दुप्पट अंतर आणि काहीही झालं तरी २५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही. पाणी हवेत उडी मारून परत पाइपात जात नाही. याची तपासणी करायला गेज लागत नाही, ड्रॉइंगची पट्टी पुरते. वेळ एक मिनिट, पाणी बंद शून्य मिनिटं.

दुसरा आक्षेप, आजपर्यंत काही झालं नाही. याचं उत्तर देताना मला माझा रूम पार्टनर आठवतो. सेकंड इयरला त्याला कावीळ झाली. तीन आठवडे गावी होता. सबमिशन बुडालं, दोन विषय राहिले. सगळ्यांनी पाणीपुरीवाल्याला शिव्या घातल्या. मीही घातल्या. होस्टेलच्या पाण्यानेच झाली असं मी आजही म्हणत नाही. पण पाणी कोणी तपासलंच नव्हतं, म्हणून सगळं पाणीपुरीवाल्यावर ढकलणं सोपं गेलं. 'काही झालं नाही' आणि 'काही बघितलं नाही' यांत फरक आहे.

आणि हा प्रश्न फक्त आपला नाही. खालच्या टाकीत नगरपालिकेचा पाइप तळापर्यंत सोडलेला असतो, पाणी पडल्याचा आवाज नको म्हणून. पाणी जायची वेळ झाली, लाईन रिकामी झाली, की आपल्या टाकीतलं पाणी तिकडे ओढलं जातं. म्हणजे कंपाउंडच्या पलीकडच्या वस्तीत आपलं पाणी जातं. त्यात आपली मोटर थेट लाईनला लावलेली असेल तर विचारूच नका, शेजारच्या गळक्या जोडांतून गटाराचं पाणीही आपण ओढतो. त्यांच्या घरातली लहान मुलं ते पाणी पितात.

म्हणून मागणी छोटी आहे. वर्षातून एक दिवस, दुपारी दोन ते चार, सगळे प्रॅक्टिकलला असतात तेव्हा. सिव्हिल आणि मेकॅनिकलचे चार विद्यार्थी, एक सर आणि प्लंबर मामा. बघायच्या जागा पाच: खालची टाकी, वरच्या टाक्या, मेसचं भांडी धुण्याचं सिंक, बोअरचा जोड आणि केमिस्ट्री लॅबमधले रबरी नळ्या लावलेले नळ. जिथे हवा सोडता येते तिथे सोडावी. जिथे येत नाही, म्हणजे बोअरचा जोड, तिथे लाईन पूर्ण वेगळी करावी, नाहीतर तपासता येईल अशी जोडणी एकदाच विकत घ्यावी. आणि जे बघितलं त्याची तारखेसह नोंद मेसच्या भिंतीवर लावावी. मेनू लागतो त्याच्याच शेजारी.

तोपर्यंत एक काम आपण स्वतः करू शकतो. बादली भरली की पाइप बाहेर काढून वर अडकवायचा. याला दोन सेकंद लागतात, आणि कमिटीची परवानगी लागत नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये मी हीच सूचना पुन्हा मांडणार आहे. "पाणी किती वेळ बंद राहणार?" असं कोणी विचारलंच, तर या वेळी उत्तर तयार आहे.