कॅमेरा म्हणजे बंद खोली!

वृत्तपत्रात बातमी येते : ‘खटल्याची सुनावणी इन कॅमेरा होणार.’ ती वाचून पुष्कळांची समजूत होते, की आता न्यायालयात कॅमेरे लागणार आणि साक्षीचे चित्रीकरण होणार. जिला साक्ष द्यायची आहे, तिच्या तर पोटात गोळाच येतो. आधीच भीती आणि लोकांच्या नजरा, त्यात आणखी कॅमेरा! खरा अर्थ मात्र नेमका उलटा आहे. ‘इन कॅमेरा’ म्हणजे बंद खोलीत, बाहेरच्यांना मज्जाव करून.

एकाच शब्दात सगळे टिपणारे यंत्रही आहे आणि सगळे झाकणारी खोलीही. हे कसे झाले?

ग्रीक भाषेत ‘कामारा’ म्हणजे कमानदार छत. लॅटिनने हा शब्द ‘कॅमेरा’ म्हणून घेतला. आधी त्याचा अर्थ कमानदार छताची जागा असा होता, पुढे कोणतीही खोली असा झाला. आजही इटलीतल्या हॉटेलात ‘कामेरा’ मागितला, तर हातात खोलीची किल्ली मिळते. फोटो काढण्याच्या यंत्राला तिथे ‘माक्किना फोटोग्राफिका’ म्हणतात. रशियन भाषेत फोटोच्या कॅमेऱ्याबरोबरच तुरुंगातल्या कोठडीलाही ‘कामेरा’च म्हणतात.

मग खोलीचे यंत्र झाले कसे? पूर्ण अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र ठेवले, तर बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे उमटते. अकराव्या शतकात कैरोत राहणाऱ्या इब्न अल हैथम या शास्त्रज्ञाने छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा बारकाईने अभ्यास केला होता. 1604मध्ये योहानेस केप्लर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने अशा खोलीसाठी ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’, म्हणजे ‘अंधारी खोली’, हे लॅटिन नाव वापरले. पुढे या खोलीची पेटी झाली. चित्रकार ती सोबत नेऊन दृश्याच्या रेषा गिरवून घेत. 1820च्या दशकात फ्रान्समध्ये निएप्सने पेटीत रसायन लावलेला पत्रा ठेवून दृश्य कायमचे पकडले आणि 1839मध्ये दागेरची पद्धत जगापुढे आली. या प्रवासात ‘ऑब्स्क्युरा’ हे विशेषण गळून पडले. ‘अंधारी’ गेली, ‘खोली’ तेवढी राहिली!

त्याच लॅटिन शब्दाची दुसरी वाट फ्रेंचमधून गेली. फ्रेंच ‘शांब्र’वरून इंग्रजीत ‘चेंबर’ आला. वकिलांचे चेंबर आणि व्यापाऱ्यांचे ‘चेंबर ऑफ कॉमर्स’ हे या घराण्यातलेच. स्पॅनिशमध्ये एका खोलीत राहणाऱ्या सोबत्याला ‘कामारादा’ म्हणत. तोच फ्रेंचमार्गे इंग्रजीत जाऊन ‘कॉम्रेड’ झाला. मोर्चात मूठ उंचावून एकमेकांना ‘कॉम्रेड’ म्हणणारे शब्दाच्या मुळाशी गेले, तर एकमेकांचे खोलीसोबतीच ठरतात.

तिसरी वाट समुद्रावरून थेट आपल्याकडे आली. पोर्तुगीजमध्येही ‘कामरा’ म्हणजे दालन किंवा सभागृह. त्यांच्या राजवटीत गोव्यात नगरपालिकेला ‘कामरा मुनिसिपाल’ हेच नाव होते. पोर्तुगिजांनी आपल्याला बटाटा, पाव आणि चावी हे शब्द दिले. हिंदीतला ‘कमरा’ही त्यांच्याकडूनच आला. मराठी आपल्या ‘खोली’तच रमली, पण इंदूर-भोपाळकडच्या मराठी घरांत ‘कमरा’ सहज कानावर पडतो. गंमत अशी, की हिंदी वृत्तपत्रे ‘इन कॅमेरा’ची बातमी ‘बंद कमरे में सुनवाई’ अशी देतात. म्हणजे भाषांतर करतानाही शब्द त्याच घराण्यातला आला!

पण बंद खोलीचा हा अर्थ निव्वळ गंमत म्हणून सोडून देण्यासारखा नाही. आपल्याकडे न्यायालयाचे दार सर्वांना उघडे असते, हा नियम. ‘इन कॅमेरा’ हा त्याला अपवाद. बलात्काराचे खटले बंद खोलीतच चालवावेत, अशी तरतूद 1983मध्ये कायद्यात झाली. 2024मध्ये नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम 366मध्येही ती कायम आहे. असे खटले शक्य तोवर महिला न्यायाधीशांपुढे चालावेत, असेही कायदा सांगतो आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय कामकाज छापता येत नाही. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत 2012च्या ‘पॉक्सो’ कायद्याने मुलाचे आईवडील किंवा त्याच्या विश्वासाची व्यक्ती जवळ असू शकते.

संसाराच्या भांडणांनाही हे संरक्षण आहे. हिंदू विवाह कायद्याखालचे दावे बंद खोलीतच चालतात. 1984च्या कुटुंब न्यायालय कायद्यानुसार तर पती-पत्नींपैकी एकाने जरी तशी इच्छा व्यक्त केली, तरी न्यायालयाला सुनावणी ‘इन कॅमेरा’ घ्यावीच लागते. चारचौघांत घरचे धिंडवडे निघतील, या धास्तीने अनेकजणी वर्षानुवर्षे गप्प राहतात. त्यांना या एका शब्दाचा खरा अर्थ कुणीतरी वेळेवर सांगायला हवा.

2022पासून सर्वोच्च न्यायालयातल्या घटनापीठांच्या सुनावण्या घरबसल्या पाहता येऊ लागल्या. न्यायालयात आता खरोखरच कॅमेरे आले. म्हणूनच एवढे पक्के लक्षात ठेवावे : न्यायाधीश ‘इन कॅमेरा’ म्हणतात, तेव्हा कॅमेरा बंद असतो आणि दारही!