नव्या गाडीची वाट नेमकी कुठे अडते?

वाहन उद्योगातील उत्पादकतेची चर्चा निघाली की सर्वांची नजर असेंब्ली लाइनकडे वळते. एका पाळीत किती गाड्या बाहेर पडल्या, हा हिशेब सोपा असतो. त्या गाडीचा आराखडा पक्का होण्यात किती वर्षे गेली, हे मात्र क्वचितच विचारले जाते. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ते विचारले आणि उत्तर अमेरिकी कंपन्यांना झोंबणारे निघाले. नवी मोटार विकसित करण्यास जपानी कंपन्यांना सरासरी १७ लाख अभियांत्रिकी तास लागत होते, अमेरिकी कंपन्यांना ३१ लाख. कालावधी अनुक्रमे सुमारे ४६ आणि ६० महिने.

जपानी अभियंते अधिक राबत होते, असे नव्हे. अमेरिकी पद्धतीत आरेखन विभाग आपले काम उरकून कागद पुढे सरकवीत असे. हे घडवता येणार नाही, म्हणून उत्पादन विभाग तो परत पाठवी. आणि खर्चाचा आकडा कळे तो अगदी शेवटी. सरकारी कचेरीतील फायलीचा प्रवास ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. टोयोटात मात्र एक मुख्य अभियंता संकल्पनेपासून बाजारात येईपर्यंत गाडीची धुरा वाहत असे आणि वाद सुरुवातीलाच घालून मिटवले जात.

हा धडा महाराष्ट्रात गिरवला गेला तो 'स्कॉर्पिओ'च्या निमित्ताने. जीप आणि ट्रॅक्टरसाठी ओळखल्या जाणाऱ्या महिंद्र अँड महिंद्रने २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून ही गाडी आणली, तीही सुमारे ६०० कोटी रुपयांत. जागतिक कंपन्यांच्या मानाने ही रक्कम नगण्यच. जनरल मोटर्सच्या संशोधन केंद्रातून १९९३ मध्ये परतलेले पवन गोएंका या प्रकल्पाच्या अग्रभागी होते. आरेखन, उत्पादन, खरेदी आणि विपणन विभागांतील माणसे एकाच चमूत बसविण्यात आली. सुटे भाग मागविण्याऐवजी आसने, वातानुकूलन यांसारख्या संपूर्ण यंत्रणांची जबाबदारीच पुरवठादारांकडे सोपविण्यात आली.

अर्थात प्रक्रिया सुटसुटीत झाली म्हणून गाडी खपतेच असे नाही. टाटांच्या 'नॅनो'तही पुरवठादार आरंभापासून सहभागी होते, अभियांत्रिकी वाखाणली गेली. पण 'सर्वांत स्वस्त' या बिरुदानेच ग्राहक दुरावला आणि २०१८ मध्ये उत्पादन थांबले. आराखड्यातील चूक लवकर सापडते, ग्राहकाच्या मनाचा अंदाज चुकला तर तो कोणत्याही चमूला सहज सापडत नाही.

आता विद्युत वाहनांमुळे स्पर्धा आणखी तीव्र झाली आहे. चिनी कंपन्या दोनेक वर्षांत नवे मॉडेल आणू लागल्या आहेत. या घाईची झळ सर्वप्रथम बसते ती सातपूर, अंबड, भोसरी, चाकण येथील लहान उद्योजकांना. आराखडा उशिरा बदलला की तयार डाय मोडीत निघते. तिचा खर्च कोणी सोसायचा, हे बऱ्याचदा करारात स्पष्ट नसते आणि ज्याची गरज मोठी त्याच्याच खिशाला कात्री लागते. मोठ्या कंपन्यांनी आपल्या बैठकीत या उद्योजकांना पहिल्या दिवशीच खुर्ची दिली, तर बदलांची संख्या घटेल. डायचे पैसे बुडण्याची वेळही मग कमी येईल.