झोळी आपली, तर हुकूम आपला!



निवडणूक आली की एक शहाणा हटकून भेटतो. म्हणतो, "अहो, तुमच्या दहा-दहा रुपयांनी काय होणार? सभा, मांडव, कर्णे, पत्रके, मोटारी, लाखांचा खेळ आहे हा! एखाद्या शेठजीला गाठा. एका चेकात काम फत्ते!"

त्या शहाण्याला आमचा रोकडा सवाल आहे : शेठजी कधी फुकट दमडी सोडतो काय? पाच मिनिटे उशीर झाला तर जो पगार कापतो, तो कोटीची थैली काय पुण्य लागावे म्हणून देतो? अरे, ती देणगी नव्हे, ती पेरणी! अन् तिचे पीक कापले जाते ते तुमच्या-आमच्या पोटावर.

ही हवेतली गोष्ट नव्हे. १९५७ साली एका मोठ्या पोलाद कंपनीचे प्रकरण मुंबई हायकोर्टात आले. पक्षांना पैसे देण्याची मुभा तिला हवी होती. कायदा आड येत नाही म्हणून न्यायमूर्ती छागलांनी ती दिली. पण हा पैसा एक दिवस लोकशाहीचाच गळा आवळील, असा इशाराही दिला. १९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ साली ती उठली. २०१८ साली तर निवडणूक रोखेच निघाले. देणाऱ्याचे नाव जनतेपासून गुप्त! हजार रुपयांचाही रोखा होता म्हणे, पण नव्वद टक्क्यांहून जास्त रक्कम एक-एक कोटीच्या रोख्यांची! सांगा, कुठल्या खात्यातल्या कामगाराने घेतला हो कोटीचा रोखा? १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने हे रोखे घटनाबाह्य ठरविले. रोखे गेले, थैल्या मात्र गेल्या नाहीत.

म्हणून ज्याला आपले मत हवे, त्याची झोळी आपणच भरली पाहिजे. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीपुढे सत्ताही होती अन् थैलीही होती. तरी समितीने पश्चिम महाराष्ट्रात सत्ताधाऱ्यांना धूळ चारली आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. थैलीपेक्षा माणसे भारी पडतात, याला आणखी दाखला कशाला?

पण झोळी फिरवणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका! पावतीशिवाय एक रुपया घेऊ नका. जमा किती, खर्च किती, ते चाळीच्या फळ्यावर खडूने लिहा. कुणावर जबरदस्ती नको. ज्याच्या घरची चूल थंड, त्याच्यापुढे झोळी धरू नका. जो हिशेब देत नाही तो उद्या निवडून आल्यावर जाब काय देणार?

दहा रुपये देणारे हजार जण उमेदवाराला हजार ठिकाणी अडवून विचारतील, "आमच्या कामाचं काय झालं?" दहा हजार देणारा एकटा शेठ मात्र त्याला बंगल्यावर बोलावून घेईल.

गड्यांनो, ठरवा : आपला पुढारी गेटावर उभा राहील, की बंगल्यावर?

पावती घ्या! हिशेब मागा! झोळी भरा!